पोचल्यावर फोन कर

गारखेडा परिसरात कुणी संध्याकाळी ओट्यावर जाडजूड पुस्तक घेऊन बसलं, की येणारा-जाणारा थांबून विचारतो, "परीक्षा आहे का?" बसणाऱ्याचं वय तो बघत नाही. नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, "मग पारायण?" जाड पुस्तक हाती धरायला आमच्याकडे ही दोनच कारणं मान्य आहेत. कादंबरी आहे असं सांगितलं तर माणूस जरा सैलावतो. विज्ञान कादंबरी आहे असं सांगितलं तर पुन्हा पहिल्या प्रश्नावर येतो.

त्यात लोकांची चूक नाही. विज्ञान आमच्याकडे फ्लेक्सवर राहतं. सूतगिरणी चौकाच्या आसपास चार पावलं टाकली की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी अशी त्रिमूर्ती, खाली टक्केवारीसह हसणारी मुलं आणि सर्वांत मोठ्या आकारात सर. ज्या पोराने 'सायन्स साइड' घेतली त्याच्याशी नातेवाईक दोन वर्षं हळू आवाजात बोलतात. अशा विषयाची कोणी मजेसाठी कादंबरी वाचेल, हे कुणाला खरंच वाटत नाही. इन्कमटॅक्सच्या फॉर्मवर कोणी नाटक लिहिलं तर आपण तरी तिकीट काढू का?

खरं म्हणजे अंतराळातल्या गोष्टींसाठी आमच्याइतकी लायक वस्ती शोधून सापडणार नाही. गारखेड्याला लागून चक्क उल्कानगरी आहे. उल्का पडली ती दीडशेक किलोमीटरवर लोणारला, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडून. तिथल्या लोकांनी त्या खड्ड्याला लवणासुराची कथा जोडली आणि नाव मात्र आमच्या कॉलनीने पटकावलं. स्टेशनवर उतरून "उल्कानगरी" म्हटलं की रिक्षावाला एकदा आपल्याकडे आणि एकदा आकाशाकडे बघतो, मग म्हणतो, "तिकडनं परतीचं भाडं मिळत नाही साहेब." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे एका अमेरिकन लेखकाची सबंध कादंबरी याच वाक्यावर उभी असल्याचं दिसेल.

ती कादंबरी भाच्याने आणली. तो इंजिनियरिंगला आहे, म्हणजे अभ्यासाखेरीज सगळं वाचतो. अँडी वीअर या लेखकाचं 2021 सालचं 'प्रोजेक्ट हेल मेरी'. सूर्याची ऊर्जा खाणारे सूक्ष्मजीव निघाले आहेत, सूर्य मंदावतो आहे, पृथ्वी गारठून मरणार आहे. बारा प्रकाशवर्षांवरच्या टाऊ सेटी या ताऱ्याला मात्र त्यांचा उपद्रव नाही. का नाही, हे शोधायला एक यान पाठवलं जातं. इंधन फक्त जाण्यापुरतं, परतीचं भाडं नाही. त्या यानात शाळेत विज्ञान शिकवणारा एक मास्तर जागा होतो, आणि आपण कोण, कुठे, कशासाठी आलो, यातलं त्याला काहीही आठवत नाही.

"आमच्या इथं निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलेल्या शिक्षकांचं असंच होतं," शेजारचे साहेब म्हणाले.

हे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पुस्तक इंग्रजीत, त्यामुळे आमच्या गल्लीत ते वाचलं असं दोघा-तिघांनीच. बाकीच्यांनी ऐकलं. वीज गेली की गल्ली ओट्यावर येते आणि वीज गेल्याखेरीज भाचा मोबाइल खाली ठेवत नाही, असा तो योग होता. पहिल्या संध्याकाळी श्रोत्यांत साहेब, त्यांच्या घरच्या काकू, माझी आत्या आणि कुठेच जायचं नसलेला मी. पुढे श्रोते वाढत गेले आणि वीज आली तरी उठेनात. भाच्याला गोष्ट सांगायची कला आहे असं मुळीच नाही. ती कला पुस्तकात होती.

साहेबांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. "हे सगळं थोतांड आहे. एवढ्या लांब जायचं म्हणजे पाण्याची सोय काय केली?" गारखेड्यातला माणूस कुठल्याही प्रवासाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारणार. आमच्याकडे वार सात नसतात, पाण्याचा दिवस आणि बाकीचे दिवस एवढेच असतात. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर भरून वाहतो आहे याचे व्हिडिओ आम्ही कोरड्या नळाखाली उभं राहून बघतो. लग्नाची तारीख ठरवताना भटजी मुहूर्त काढतात आणि काकू पाण्याचा दिवस काढतात. दोन्ही जुळले नाहीत तर भटजी नवा मुहूर्त काढतात.

भाच्याने मग वीअरच्याच आधीच्या कादंबरीतलं सांगितलं. 'द मार्शियन'चा नायक मंगळावर एकटा मागे राहतो. यानाच्या इंधनातून हायड्रोजन वेगळा काढून, तो जाळून पाणी तयार करतो. त्यात एकदा स्फोटही होतो. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टँकर नाही सांगितला?" त्या पाण्यावर तो बटाटे पिकवतो आणि बटाट्यांवरच जगतो हे कळल्यावर आत्या खूश झाली, कारण तिच्या हिशेबाने तो माणूस दीड वर्ष उपवास करत होता. बटाट्यांना खत कसलं घातलं, हे भाच्याने उत्साहाच्या भरात सांगितलं आणि आत्याने त्याचं सगळं पुण्य जागच्या जागी काढून घेतलं.

एवढ्यावर साहेब ऐकणार नव्हते. तेव्हा भाच्याने खरीखुरी माहिती पुढे केली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात लघवी, घाम, श्वासातली वाफ असं सगळं गोळा करून त्याचं पुन्हा पिण्याचं पाणी करतात आणि 2023 साली नासाने 98 टक्के पाणी परत मिळवल्याचं जाहीर केलं. साहेब गप्प झाले. काकू मात्र मुळीच भारावल्या नाहीत. तांदळाचं धुवण कुंड्यांना, भाज्या धुतलेलं पाणी मोरीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला आणि फरशीचं अंगणाला, ही व्यवस्था त्या कुठलंही पत्रक न काढता चालवतात. उरलेले दोन टक्के कुठे सांडले, एवढंच त्यांना नासाला विचारायचं होतं.

मला तिथे या पुस्तकांची खुबी दिसली. पुस्तक सोपं करायचं म्हणून लेखकाने त्यातलं विज्ञान पातळ केलेलं नाही. दाब आहे, तापमान आहे, आकडेमोड आहे. पण प्रत्येक आकडा कुणाच्या तरी गळ्याशी आलेला आहे. पाणी किती दिवस पुरेल, हवा किती उरली, हे जोडलं तर ते तुटेल का, हे हिशेब आमची गल्ली रोज करते. कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत सांगतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. पूर्वरंगाला श्रोता बसतो तो पुढे आख्यान आहे म्हणून, आणि आख्यान ऐकता ऐकता सिद्धांत त्याच्या अंगी लागतो. रद्दड विज्ञान कादंबरीतले बुवा पूर्वरंगातून उठतच नाहीत. चौदाव्या पानावर यंत्राचा आराखडा सुरू होतो आणि शंभराव्या पानावर नायकाला आई आहे हे कळतं. चांगल्या कादंबरीत बुवा सिद्धांताच्या मधोमध आख्यान सुरू करतात आणि श्रोत्याला उठून जायला जागाच ठेवत नाहीत.

आमच्या ओट्यावर उत्तररंग सुरू झाला तो रॉकी आल्यावर. मास्तरला त्या परक्या ताऱ्यापाशी दुसरं एक यान दिसतं. त्यात एक प्राणी. अंगाने दगडासारखा, पाच पायांचा, डोळे मुळी नाहीतच, आवाजावरून सगळं ओळखणारा. त्याच्याकडची हवा अमोनियाची, आपल्या एकोणतीस पट दाबाची आणि दोनशे अंशांहून अधिक तापलेली. म्हणजे दोघं एकमेकांच्या खोलीत गेले तर दोघंही मरणार. बोलणं सुरावटींत. मास्तर ते सूर टिपून संगणकावर शब्दकोश तयार करतो. रॉकीच्या ग्रहावरही तेच संकट आलेलं आहे आणि त्याच्याबरोबरची सगळी माणसं (आत्याने "माणसं"च म्हटलं) वाटेत मेली आहेत. चाळीसहून अधिक वर्षं तो तिथे एकटा बसून आहे.

"जेवतो काय?" आत्याने विचारलं.

भाच्याने सांगितलं की त्याच्या जातीत जेवण चारचौघांत करत नाहीत. "बरोबर आहे, सोवळं असेल," आत्या म्हणाली. "घरी कोण असतं त्याच्या?" घरी जोडीदार आहे आणि तो वाट बघतो आहे हे कळल्यावर तिने पुढचे प्रश्न विचारले नाहीत. पदराने चष्मा पुसला. साहेब अमोनियाच्या दाबावर काही बोलायला जात होते, त्यांना काकूंनी हाताने थांबवलं.

रॉकीच्या लोकांत एक रीत आहे. कुणी झोपलं की दुसऱ्याने जागं राहून त्याच्याजवळ बसायचं. झोपेत त्यांचं शरीर पार बंद पडतं, म्हणून पहारा लागतो. मास्तरला हे प्रथम विचित्र वाटतं. आपण झोपलेलो असताना पाच पायांचा दगड आपल्याकडे लक्ष देऊन बसणार, यात झोप कसली लागते! भाच्यालाही तो प्रकार गमतीचा वाटला होता आणि तो हसतच सांगत होता. ओट्यावर कुणी हसलं नाही.

"मग? बसायला नको?" आत्या म्हणाली. "ॲडमिट केलेल्या माणसाजवळ कुणीतरी लागतंच."

इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी कुठल्या तरी दवाखान्यात ती रात्र काढलेली आहे. घडी न होणारी खुर्ची, पायाशी डब्याची पिशवी, दर अर्ध्या तासाने सलाइनच्या थेंबांकडे बघणं, आणि सकाळी बदलीला येणाऱ्या मेव्हण्याची वाट. पेशंटला त्यातलं काहीही माहीत नसतं. बसणाऱ्याचाही वैद्यकीय उपयोग शून्य असतो. तरी बसतात. लेखकाने ही रीत सोळा प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर नेऊन ठेवली आहे आणि गारखेड्याच्या ओट्याने ती एका क्षणात ओळखली. भाचा जरा वेळ बोलायचा थांबला. त्याने हेच पान स्वतः वाचलं होतं तेव्हा त्याला फक्त प्राणिशास्त्र दिसलं असावं.

आता यावर कुणी म्हणेल, हे सगळं परदेशात, आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे हे पन्नास वर्षं कपाटात आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव बघून परीक्षकांनी भीडेखातर गुण देऊ नयेत म्हणून टोपणनाव, आणि अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून सगळी कथा बायकोकडून लिहून काढलेली. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्वतंत्र सिद्धांत मांडणारा माणूस, आणि नाव लपवून कथास्पर्धेला कथा पाठवतो! आमच्याकडे तर गणेशोत्सवातल्या रांगोळी स्पर्धेला परीक्षकांची ओळख काढल्याशिवाय कुणी ठिपका ठेवत नाही.

नारळीकरांनीही आकाश घराच्या दारातूनच आत आणलं. त्यांच्या 'धूमकेतू' कथेतल्या दत्तादांनी निवृत्तीनंतर मोठी दुर्बीण घेतली आहे, आणि त्यांच्या बायकोला ती सवतीसारखी वाटते. धूमकेतू पृथ्वीवर आदळायची वेळ येते, जगातले शास्त्रज्ञ गुपचूप तो वळवायच्या खटपटीला लागतात, आणि घरी बायको शांतीचा यज्ञ मांडून बसते. संकट टळल्यावर श्रेय कुणाला मिळालं असेल, हे संसारी वाचकाला सांगावं लागत नाही. ही कथा मी काकूंना सांगितली तेव्हा साहेबांनी गच्चीवर ठेवलेल्या सोलर हीटरच्या दुरुस्तीचा विषय निघाला. साहेब दिवसातले तीन तास त्या हीटरपाशी असतात.

'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. तिथे आझाद मैदानावर सभा चाललेली असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. सभांच्या अध्यक्षपदांची सवय झालेल्या पंतांना ते सोसवत नाही. ते जाऊन बसतात, भाषण सुरू करतात आणि टोमॅटो खातात, कारण त्या जगाने अध्यक्ष ही चालच बंद केलेली असते. पानिपत जिंकल्याचा याहून मोठा फायदा मला तरी सांगता येणार नाही. पुढे 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं, वैज्ञानिकाला मिळालेला तो पहिलाच मान. पण प्रकृतीमुळे त्यांना जाता आलं नाही आणि व्यासपीठावर अध्यक्षांवाचून संमेलन पार पडलं. त्यांच्याच कथेतल्या जगाने या जगात क्षणभर डोकावून घेतलं. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी साहेबांना मी मुद्दाम वाचायला दिली. खोदकाम करताना एका जुन्या, प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेली पेटी सापडते आणि तिच्यातल्या ज्ञानावरून यंत्रमानव तयार होतो. साहेबांनी दोन रात्रींत ती संपवली. अभिप्राय असा : "खोदकामात पेटी सापडली इथपर्यंत ठीक. पण खोदताना पाइपलाइन फुटली नाही, हे मला पटलेलं नाही."

तरी साहेबांनी आता चुकांची वही घातली आहे. पेपरांतून आलेल्या पाठकोऱ्या पत्रकांची, दोऱ्याने शिवलेली. डाव्या पानावर 'लेखकाचे म्हणणे', उजव्या पानावर 'वस्तुस्थिती'. त्यांना वाटलं होतं की यावर मी हसेन. मी त्यांना सांगितलं की 'द मार्शियन' वीअरने आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने टाकली, तेव्हा वाचक अशाच चुका काढून पाठवायचे आणि तो त्या दुरुस्त करायचा. नारळीकर तर सही मागणाऱ्या मुलांना म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. साहेबांची छाती रुंदावली. आपण चुका काढत नसून साहित्यसेवा करतो आहोत, हे त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच कळलं.

गोष्ट लांबत गेली तशी गल्लीची भाषा बदलली. पिठाच्या गिरणीत रॉकीची चौकशी होऊ लागली. क्रीडा संकुलात सकाळी फिरणाऱ्यांपैकी एकाने शेवट वाचून ठेवल्याची बातमी आली, तेव्हापासून त्याच्याबरोबर फिरायला कुणी जाईना. गुरुवारी गजानन महाराज मंदिरात दर्शनाच्या रांगेत आत्याने एका ओळखीच्या बाईला सांगितलं, की आमच्या ओळखीतला एक मुलगा फार लांब, एकटाच अडकला आहे. त्या बाईने मनापासून विचारलं, "कुठे, दुबईला?"

आत्याची खरी तक्रार वेगळी होती. एवढ्या लांब पाठवताना त्याला "पोचल्यावर फोन कर" असं कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे जालन्याला निघालेल्या माणसालाही ही सूचना मिळते. भाच्याने समजावलं की आजी, तिथून पाठवलेला निरोप प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी पोचायला बारा वर्षं लागतात. "लागू देत," आत्या म्हणाली. "आला की कळेल ना, पोचला म्हणून."

भौतिकशास्त्राला याचं उत्तर नाही. विज्ञान कादंबरी चांगली झाली की फसली, याची परीक्षा मला या ओट्यावर मिळाली. ऐकणारा शेवटपर्यंत "असं होऊ शकतं का?" विचारत राहिला, तर लेखकाने विज्ञान कितीही अचूक लिहिलेलं असो, गोष्ट फसली. "त्याचं पुढे काय झालं?" असं विचारू लागला, की प्रकाशाचा वेग, अमोनिया, गुरुत्वाकर्षण सगळं त्याने न कुरकुरता घरात घेतलं म्हणून समजावं.

साहेब शेवटचे शरण आले. यानाचा वेग प्रकाशाच्या जवळ गेला की आतला काळ मंदावतो, आणि पृथ्वीवर तेरा वर्षं होतात त्या प्रवासात यानातल्या मास्तरची जेमतेम चार वर्षं जातात, हे भाच्याने सांगितलं. साहेबांना ते लगेच पटलं. रस्त्याच्या कामाला ठेकेदाराचा एक महिना आणि रहिवाशांची दोन वर्षं लागतात, हे त्यांनी सरकारी नोकरीत दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. त्यांना आइन्स्टाइनबद्दल शंका नव्हतीच. रात्री साडेदहाला त्यांनी आमचं दार वाजवलं, वही हातात.

"अहो, तो शिक्षक होता ना?"

"होता."

"अनुदानित शाळेत?"

मी म्हटलं, तसं पुस्तकात कुठे आलेलं नाही.

"मग त्याची सेवा कशी धरायची? पृथ्वीच्या घड्याळाने तेरा वर्षं की यानाच्या घड्याळाने चार? वेतनवाढीचा प्रश्न आहे. शिवाय जुनी पेन्शन लागू आहे का नाही, ते रुजू झाल्याच्या तारखेवर ठरतं, आणि त्या बिचाऱ्याला तारीखच आठवत नाही. उद्या परत आला तर हे लोक त्याला सरळ विनापरवानगी गैरहजर दाखवतील. मला माहिती आहे ना!"

दुसऱ्या दिवशी वहीत 'वस्तुस्थिती'च्या बाजूला एक अर्ज सुरू झालेला होता. विषय : टाऊ सेटी येथील सेवाकाल कर्तव्यकाल म्हणून नियमित करणेबाबत. खाली आत्याची सूचना म्हणून एक ओळ जोडली होती, की सदर शिक्षकासोबत रॉकी नावाचे एक सहकारी असून त्यांचीही सेवा चाळीस वर्षांवर झाली आहे, तरी त्यांचाही विचार व्हावा.